परमेश्वरनं तीनदा विचारलं होतं

भिंतीपलीकडून मोजण्याचा आवाज यायचा. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. मध्येच गिऱ्हाईक आलं तरी परमेश्वर मान वर करायचा नाही. डाव्या हातानं 'थांबा' अशी खूण करायचा, तारेचे वेढे पुरे करायचा, पाटीवर खडूनं आकडा लिहायचा आणि मगच म्हणायचा, "हं, बोला मामा. काय झालं मोटारीला?"

"जळली ना बाबा."

"जळली न्हाई मामा, जाळली. हिरीचं पाणी सरलं तरी कोरडीच चालू ठिवली. बराबर का न्हाई?"

वडीगोद्रीत हायवेला लागून माझं मेडिकल आहे. त्याला चिकटून असलेल्या पत्र्याच्या गाळ्यात परमेश्वर शेतातल्या मोटारींचं रिवायंडिंग करायचा. जळालेली तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळून खाचांत बसवायची, वार्निश द्यायचं, उन्हात वाळवायचं. नऊ वर्षं आमच्यात एका विटेची भिंत होती. इतक्या जवळ राहून माणूस कळतो असं मला वाटायचं.

शरीरानं किडकिडीत, बोटं मात्र लांब आणि स्वच्छ. तारेचं आणि वार्निशचं काम करणाऱ्याची नखं काळी असतात. हा संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी रॉकेलच्या फडक्यानं एकेक नख पुसत बसायचा. भर वैशाखातही पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. दुकानासमोर रोज सकाळी ठिपक्यांची रांगोळी असायची. सगळ्यांना वाटायचं, त्याची थोरली बहीण कौसाबाई काढून जाते. कौसाबाई विधवा, दोघंच घरात. एकदा मी दुकान लवकर उघडलं तेव्हा पाहिलं, परमेश्वरच उकिडवा बसून रांगोळी काढत होता. मला पाहताच त्यानं पायानं अर्धी पुसली. म्हणाला, "अक्काला बरं न्हाई आज, म्हणून." रांगोळी काढणाऱ्या हाताला सराव आहे हे मला दिसलं होतं. मी माझं दुकान झाडायला घेतलं. पण दुपारी रऊफभाईच्या हॉटेलात चहा पिताना ते सांगून मोकळा झालो.

हे माझं असं होतं. मेडिकलवाल्याला गावातलं पुष्कळ कळतं. कुणाला कसली गोळी चालू आहे, कुणाच्या सुनेनं काय विकत नेलं. त्यातलं बरंचसं मी पोटात ठेवायचो, पण हसण्यासारखं असलं की ठेववायचं नाही.

परमेश्वरच्या चिवटपणाचा एक किस्सा अजून लोक सांगतात. गावातल्या एका वजनदार बागाईतदाराची मोटार होती. मोसंबीला पाणी द्यायचं होतं. तो स्वतः गाडी घेऊन आला. मोटार तयार होती, पण वार्निश ओलं होतं.

"दे तशीच," तो म्हणाला.

"न्हाई देणार. दोन दिवसांत परत जळंल अन् तुम्ही म्हणचाल, परमेश्वरनं काम बिघडवलं."

"मी कोण हाये, म्हाईत हाये ना?"

"तुम्ही कोण हायेत ते मला म्हाईत हाये, पण वार्निशला न्हाई."

तो माणूस चिडला आणि मग हसायला लागला. दुसऱ्या दिवशी गडी पाठवून मोटार नेली. एवढा ठाम बोलणारा परमेश्वर स्वतःबद्दल मात्र कधी बोलायचा नाही. पोरं विहिरीवर पोहायला निघाली की याला काम निघायचं. चारचौघं रस्त्याच्या कडेला लघवीला उभी राहायची तेव्हा हा भर उन्हात दहा मिनिटं चालत घरी जाऊन यायचा. लग्नाचा विषय निघाला की उठून जायचा. वय तिशी ओलांडून गेलेलं. आम्ही त्याला लाजाळू म्हणायचो आणि विषय संपवायचो.

त्यानं पहिल्यांदा विचारलं ती दुपार मला आठवते. गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं डोकेदुखीची गोळी मागितली, ती घेतली, आणि गेला नाही. काउंटरच्या काचेवर बोटानं रेघ ओढत म्हणाला, "आप्पा, माणसाची इच्छाच मरंल अशी गोळी अस्ती का?"

"कसली इच्छा?"

"तीच. अंगाची."

मी हसलो. "अरे, माझ्याकडं लोक उलटी गोळी मागायला येतात! तू लग्न कर, सगळं ठिकाणावर येईल."

तोही हसल्यासारखं करून गेला. त्याच संध्याकाळी हॉटेलात मी त्याची नक्कल करून दाखवली, काचेवर रेघ ओढण्यासकट. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव 'ब्रह्मचारी' पडलं. रऊफभाई तेवढा हसला नव्हता. गाळणीतून चहा ओतता ओतता म्हणाला, "आप्पा, बस करा. ही हसायची बात न्हाई." मला तेव्हा रऊफभाईच जरा जास्त शहाणा वाटला.

दुसऱ्यांदा तो चिठ्ठी घेऊन आला. मोबाइलवर पाहून उतरवलेलं औषधाचं नाव होतं. मी वाचलं. दुकानात दोन बायका उभ्या होत्या. "हे तर बायकांच्या हार्मोनचं," मी मोठ्यानं म्हणालो, "तुला काय करायचंय?" त्यानं चिठ्ठी हिसकावून घेतली, "अक्कासाठी," म्हणाला आणि गेला. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते औषध न देणं बरोबरच होतं. मनानं घेतलं तर रक्ताच्या गुठळ्या होतात, यकृत बिघडतं. पण हे त्याला कुणी सांगायचं? त्याला बाजूला बसवून "कशासाठी पाहिजे?" एवढंच विचारायला मला काय झालं होतं?

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मी मालाचे खोके उघडत होतो.

"आप्पा, बोकडाला खच्ची करतात ना, ते झाल्यावर तो दोन दिवसांत उभा राहतो ना?"

"राहतो की," मी म्हणालो. वर पाहिलंसुद्धा नाही. परमेश्वरकडं बोकड नव्हता. त्याच्या घरी साधी कोंबडी नव्हती. हे मला ठाऊक होतं, तरी मी खोके मोजत राहिलो.

चार दिवसांनी, रविवारी भर दुपारी, कौसाबाई अनवाणी पळत दुकानात आली. तिच्या पदराला आणि हातांना रक्त होतं.

"आप्पा, चला. जल्दी चला. परमूनं काय करून घेतलं बघा."

ते त्यानं कसं केलं, हे मी लिहिणार नाही. घरात शिरलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. तोंड राखेसारखं झालेलं, ओठ पांढरे, अंगाला गार घाम. तीस वर्षं औषधं विकतोय मी, पण माझे हात हलेनात. कौसाबाईनंच जुन्या लुगड्याची घडी करून दाबून धरली. मधेच ती हळदीच्या डब्याकडं वळली तेव्हा मला वाचा फुटली. "काही टाकू नका. नुसतं दाबून धरा, सोडू नका." आम्ही त्याला आडवं केलं, पांघरूण घातलं. तो पाणी मागत होता. ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं लागतं एवढं मला आठवलं, म्हणून पाणी दिलं नाही. तेवढंच काय ते माझ्या हातून बरोबर झालं.

"रगत थांबून न्हाई राह्यलं, आप्पा," तो म्हणाला. आणि मग माझा हात धरून म्हणाला, "कुणाला सांगू नका."

हे तो मला सांगत होता. मला.

सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, पण ती अंबडहून यायची होती, म्हणून रऊफभाईला फोन केला आणि त्यानं आपली व्हॅन दारात आणली. काही विचारलं नाही. मागच्या सीटवर स्वतःची चादर अंथरली. कौसाबाईनं वाटभर हात काढला नाही. पोलिसांचं काय, ही भीती वाटेत तिनंच बोलून दाखवली. अंबडच्या सरकारी दवाखान्यात नोंद झाली, पण ती नंतर. आधी सलाइन, आधी रक्तस्राव आवरणं. तिथून ॲम्ब्युलन्सनं जालन्याला. ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं तेव्हा कौसाबाई मला म्हणाली, "आप्पा, त्यानं तुम्हाला कधी काही बोलून दाखवलं होतं का हो? एका भिंतीच्या आडच नऊ वर्षं व्हते तुम्ही."

मी म्हणालो, "नाही."

खोटं बोललो.

सर्जन तरुण होते, थकलेले. त्यांनी आम्हाला बाहेर बाकावर बसवून सांगितलं. "अर्धा तास उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. त्या जागेला रक्ताचा पुरवठा फार असतो, आणि तुटलेली रक्तवाहिनी आत ओढली जाते. घरी ती कुणाला सापडत नाही, बांधता येत नाही. लोकांना जनावरांचं पाहून वाटतं, सोपं आहे. ते जनावरांचा डॉक्टर करतो, भूल देऊन, निर्जंतुक हत्यारांनी. आता जंतुसंसर्ग होऊ नये एवढं बघू. लघवीच्या मार्गालाही इजा आहे."

जंतुसंसर्ग झालाच. पाचव्या दिवशी ताप चढला, पुन्हा ऑपरेशन झालं. पावणेचार आठवडे तो तिथं होता. लघवीची नळी, पू, ड्रेसिंगच्या वेळचं ओरडणं. बोकड दोन दिवसांत उभा राहतो, हे माझं उत्तर मी त्या व्हरांड्यात रोज ऐकत होतो.

दुसऱ्या आठवड्यात मनोविकार विभागातल्या डॉक्टरबाई आल्या. पन्नाशीच्या, आवाज अगदी हळू. त्यांनी पहिल्या दिवशी परमेश्वरला 'का केलंस' असं विचारलंच नाही. झोप लागते का, विचारलं. जेवण जातं का, पुन्हा असं काही मनात येतं का, विचारलं. तिसऱ्या दिवशी तो बोलला, आणि कौसाबाईलाही ते ऐकवा म्हणाला. मी उठायला लागलो तर म्हणाला, "बसा आप्पा. तुम्हीबी ऐका."

तेराव्या वर्षापासून त्याला वाटायचं, हे अंग आपलं नाही. आतून आपण बाई आहोत. मिसरूड फुटलं तेव्हा तो आठ दिवस शाळेत गेला नव्हता. देवाला सांगून पाहिलं, उपास करून पाहिले. "कुणाला इचारावं तेच कळंना," तो म्हणाला. "मला वाटलं, एकदाच सहन करायचं, मंग सुटलो. पण सुटलो न्हाई, मॅडम. नुसतं दुखणं वाढलं. जे पाह्यजे व्हतं तेबी न्हाई भेटलं."

कौसाबाई खाटेजवळ सरकली. मग तिनं त्याच्या कपाळावरचे केस मागं सारले. "एवढं मला सांगितलं असतं तर मी काय तुला घराबाहेर काढलं असतं का रे?"

"तू न्हाई काढलं असतं, अक्का. गावानं काढलं असतं."

डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना नंतर त्यांच्या खोलीत बोलावलं. म्हणाल्या, इथं येणाऱ्यांची कारणं वेगवेगळी असतात. कुणाला परमेश्वरसारखं वाटतं. कुणी वासना म्हणजे पाप समजून स्वतःला शिक्षा करतो. कुणाला आजारात कानात आवाज येतात, ते सांगतात म्हणून करतो. कुणाला नुसतं दुखणं असतं आणि सांगायची लाज वाटते. कारण काहीही असो, आधी यायचं ते इथंच. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. फोनवर बोलायला सरकारी मदतवाहिनी असते, तिथं नाव सांगावं लागत नाही, आपल्या भाषेत बोलता येतं. तेही जमत नसेल तर गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला एकट्यात गाठायचं. "आणि असा विचार मनात घट्ट बसला असेल तर त्या माणसाला एकटं ठेवायचं नाही. त्याच दिवशी घेऊन यायचं."

"ह्याला जे पाह्यजे व्हतं, ते डॉक्टर करतात का?" कौसाबाईनं विचारलं.

"करतात. पण रस्ता हळू असतो. आधी बोलणं, मग हार्मोनचे डॉक्टर, तपासण्या. पुढं गरज असेल तर ऑपरेशन, पण ते ऑपरेशनच्या टेबलावर. कायद्यानंही ह्याला मान्यता आहे. आता मात्र ह्याच्या शरीरातले हार्मोन एकदम बंद झालेत. त्याची औषधं कायमची लागतील. नाहीतर हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात, मन खचतं. मूलबाळ आता होणार नाही. आणि जी कातडी पुढच्या ऑपरेशनला लागली असती, ती खराब झाली आहे. तीच वाट सोबतीनं चालला असता तर एवढं गमवावं लागलं नसतं."

सोबतीनं. हा शब्द मी घरी घेऊन आलो.

डिस्चार्जच्या दोन दिवस आधी मी एकटा त्याच्याजवळ बसलो. पाठ केलेलं बोलायला लागलो. तू मला तीनदा विचारलंस, मी तीनदा टाळलं, वर हॉटेलात जाऊन नक्कल केली. माफ कर म्हणालो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. राग दिसला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"हे मला म्हाईत हाये, आप्पा. भिंत एकाच इटेची हाये. तुमचं हसणं पलीकडं येत व्हतं." मग तोंड खिडकीकडं करून म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? हॉटेलावर सांगा."

मी "बरं" म्हणालो.

आणि सात महिने सांगितलं नाही. रोज जायचो, चहा प्यायचो. 'ब्रह्मचाऱ्याचं काय झालं म्हणे?' असं कुणी विचारलं की 'हर्नियाचं ऑपरेशन होतं' म्हणायचो. खरी गोष्ट झाकून ठेवायलाच हवी होती, ती मी झाकली. पण माझ्या वाट्याचं जे बोलायचं होतं, तेही त्याच पांघरुणाखाली लपवलं. परमेश्वर काठी टेकत दुकानात यायला लागला होता. मोजण्याचा आवाज आता मध्येच थांबायचा. लोक मोटारी आणायचे, पण दाराबाहेरूनच बोलायचे. काय झालंय हे कुणाला नक्की माहीत नव्हतं, आणि सगळ्यांना माहीत होतं. दिवाळीनंतर दोघं बहीणभाऊ संभाजीनगरला निघून गेले. गाळा रिकामा झाला. सामान टेम्पोत चढवताना मी मदतीला गेलो. त्यानं मला नको म्हटलं नाही, आणि हातात काही दिलंही नाही.

टेम्पो गेला त्याच दुपारी मी हॉटेलात बोललो. सातआठ जण होते. मी म्हणालो, "परमेश्वरला आपण जे नाव ठेवलं ते माझ्यामुळं पडलं. तो माझ्याकडं औषध विचारायला आलता, मदत मागायला आलता. मी ती मदत केली नाही, त्याची चेष्टा करून तुम्हाला हसवलं. तो मरता मरता वाचला, त्यात माझा हात आहे." एवढंच बोललो. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या आप्पा, कशाला मनाला लावून घेता?" दोघं उठून गेले. रऊफभाईनं माझ्यापुढचा थंड झालेला चहा उचलून नेला आणि दुसरा आणून ठेवला. माझ्या मनावरचा भार काही हलका झाला नाही. ज्याला ऐकायचं होतं तो तोवर पाचोडच्या पुढं गेला असेल.

आठवड्यानं त्या सातआठ जणांतला एक माणूस दुकानात आला. गिऱ्हाईकं जाईपर्यंत बाहेर उभा राहिला. मग काउंटरवर वाकून म्हणाला, "आप्पा, माझ्या पुतण्याचं जरा... तो काहीबाही बोलून राह्यला. स्वतःला कापून टाकीन म्हणतो. कुणाला सांगू नका. पण कुठं न्यावं?"

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. त्याला आत स्टुलावर बसवलं. काय बोलतो, कधीपासून, सगळं ऐकून घेतलं. घरातली धारदार हत्यारं, औषधं त्याच्या हाताला लागू देऊ नका म्हणालो, आणि तसाच त्याच्याबरोबर घरी जाऊन पोराला घेऊन जालन्याची बस धरली. डॉक्टरबाई त्याच खोलीत होत्या. त्या पोराचं कारण वेगळं निघालं. आजार होता, औषधानं कानातले आवाज कमी झाले. तो आता शेतात जातो. त्याच्याबद्दल याहून जास्त मी लिहीत नाही.

गेल्या वर्षी संभाजीनगरच्या बसस्टँडवर मी वडीगोद्रीच्या गाडीची वाट पाहत होतो. मागून कुणीतरी "आप्पा" म्हटलं. फिकट हिरवा पंजाबी ड्रेस, खांद्यापर्यंत केस, कमरेत थोडी वाकलेली. मी पाहत राहिलो आणि मग ओळखलं. इथून पुढं मी 'ती' असंच लिहितो. तसंच ते आहे.

कंबर दुखते, म्हणाली. हाडांची औषधं चालू आहेत. लघवीचा त्रास मधूनमधून होतो, मग दवाखाना. मिक्सर आणि पंखे दुरुस्त करते घरीच, मोटारी आता उचलवत नाहीत. "कधी कधी लई वाईट दिवस येतो, आप्पा. मंग मॅडमला फोन लावते. त्या म्हणतात, ये. मी जाते."

मी हॉटेलात बोलल्याचं सांगितलं. ती थोडं हसली. "उशीर केला तुम्ही."

"हो."

"पण बोलले."

मग मी धीर करून विचारलं, हे सगळं कुठंतरी लिहू का. तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "लिहा. पण कसं केलं ते लिहू नका. कुणी वाचून तेच करंल. किती दुखलं ते लिहा. अन् कुठं जायचं ते लिहा."

फलाटावर गाडी लागली. पलीकडं तिकिटाच्या रांगेपाशी कौसाबाई उभी होती. तिनं हात वर करून गर्दीतून मोठ्यानं हाक मारली, नव्या नावानं. ती हाक ऐकताच ती वळली, पहिल्याच हाकेला, आणि पिशवी सावरत हळूहळू चालत गेली. कुणी मान वळवून पाहिलं नाही.

ते नाव मी ऐकलं आहे. घरी बायकोनंही विचारलं, "काय नाव ठेवलंय हो तिनं?" मी सांगितलं नाही.